घरचीच म्हणतात, पण हिशेब दाखवत नाहीत

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

भोसरी एमआयडीसीत सीएनसी मशीनवर जॉबवर्क (दुसऱ्या कंपन्यांची कामं) करणारा, चाळीसेक माणसांचा कारखाना. पत्र लिहिणाऱ्या ताई तिथे अकाउंट्स बघतात. म्हणजे अकाउंट्स, खरेदी, डिस्पॅच आणि साहेबांच्या घरचं लाइट बिलसुद्धा. नोकरीला चार वर्षं नऊ महिने झाले. पगार २८,०००. त्यातले २०,००० बँकेत (बेसिक आणि डीए मिळून १३,०००), ८,००० पाकिटात. पगारपत्रक साहेबांची बायको, म्हणजे वहिनी करतात. साहेब एक सांगतात, मुलगा नेमकं उलटं सांगतो, आणि घोळ झाला की सगळ्या शॉपसमोर, म्हणजे मशीनवरच्या माणसांसमोर, बोलणी खातात त्या ताई. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर काम येतं. गणपतीचे पाच दिवस साहेबांच्या घरी पंगती वाढण्यात जातात, कारण “तू तर घरचीच.” चौदा महिन्यांपूर्वी मुलाच्या नावाने प्रायव्हेट लिमिटेड निघाली, ताईंना तिकडे घेतलं, काही कागदांवर सह्या झाल्या, वाचायला वेळ मिळाला नाही. पीएफ दरमहा कापला जातो, पण बँक स्टेटमेंटमध्ये सात महिन्यांत पीएफचं चलन गेलेलं दिसत नाही.

दोन वर्षं दोन महिन्यांपूर्वी आईच्या ऑपरेशनला साहेबांनी ६०,००० दिले होते. तेव्हापासून दर महिन्याला पाकिटातून ३,००० कमी येतात. पाकिटावर पेन्सिलीने तशी वजाबाकी लिहिलेली असते. हिशेब वहिनींच्या डायरीत. आणि आता ताईंच्या नावावर एक वेगळी फर्म काढायचं चाललंय, त्यासाठी पॅन आणि आधार मागितलंय.

ताई विचारतात: “आईच्या वेळी तेच उभे राहिले, मग आता पाठ फिरवणं कृतघ्नपणाचं नाही का? मी गेले तर तिथलं काहीच चालणार नाही. गुरुवारी दुपारपासून पोटात गोळा येतो, मी फार हळवी आहे का? थांबू की सोडू?”

ताई,

शेवटून सुरुवात करू, कारण बाकीचं महिनाभर थांबलं तरी चालेल, फर्मचं थांबणार नाही. तुमच्या नावावर काहीही काढू देऊ नका. झेरॉक्स दिली नसेल तर देऊ नका, दिली असेल तर ओटीपी सांगू नका.

जीएसटीची रिटर्न्स तुम्हीच भरत असाल, तेव्हा यातलं निम्मं तुम्हाला ठाऊक आहे, फक्त ते स्वतःला लावून पाहिलेलं नाही. प्रोप्रायटरी फर्म ही कायद्याला दिसत नाही, त्याला दिसता तुम्ही. तिची विक्री तुमची, तिचा जीएसटी तुमच्या डोक्यावर, तिचा नफा तुमच्या इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये. माल न हलवता नुसती बिलं फाडली गेली तर नोटीस साहेबांच्या बंगल्यावर जात नाही, तुमच्या दारात येते. उलाढाल दोन-तीन नावांत वाटून प्रत्येक नाव नोंदणीच्या मर्यादेखाली ठेवणं (मालासाठी ती सर्वसाधारणपणे वर्षाला ४० लाख), किंवा आपल्याच फर्ममध्ये बिलं फिरवून इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) काढणं, अशा कामांना नेहमी विश्वासातलं माणूस लागतं. साहेबांच्या मनात यातलं काही नसेलही. पण पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचं, हा व्यवहार बेनामी कायद्याच्या कक्षेत जाऊ शकतो, आणि त्यात नाव देणाऱ्यालाही एक ते सात वर्षांची शिक्षा आहे.

नकार देताना कायदा काढू नका आणि कारणही देऊ नका. कारण दिलं की त्या कारणावर तोडगा निघतो. “आपले सीए बघतील ना सगळं” हे वाक्य तयारच असतं. “साहेब, माझ्या नावावर काही काढायचं नाही, असं घरी ठरलंय.” एवढंच. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच, शब्दही न बदलता. आणि आजच जीएसटीच्या पोर्टलवर जाऊन करदाता शोधण्याच्या पर्यायात स्वतःचा पॅन टाकून बघा. लॉगिन लागत नाही, त्या पॅनवर किती नोंदण्या आहेत ते लगेच दिसतं. काही निघालं तर त्याच दिवशी जीएसटी कार्यालयाला आणि पोलिसांना लेखी कळवा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. यापुढे कुठेही झेरॉक्स द्याल तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी, कोणाला, तारीख.

आता उपकाराकडे येऊ, कारण तुमचं अख्खं पत्र त्यावर टेकलेलं आहे.

६०,००० भागिले ३,०००. वीस हप्ते. तुम्ही सांगता त्याप्रमाणे २६ कापले गेलेत, म्हणजे ७८,०००. सहा महिन्यांपूर्वीच ते पैसे फिटले आणि वर १८,००० तुमचेच त्यांच्याकडे आहेत. व्याज ठरलं होतं का, हे पत्रात नाही. समजा ठरलं होतं, वर्षाला १२ टक्के, घटत्या शिलकीवर. तरीही तेविसाव्या हप्त्यात, तोही अर्धाच, सगळं मिटतं. दर महिन्याला लाखोंची लेजर्स जुळवणाऱ्या बाईने आपल्या नावचं हे एक खातं दोन वर्षं उघडलेलं नाही, कारण ते उघडणं कृतघ्नपणाचं वाटलं. ऑपरेशनच्या दिवशी साहेब उभे राहिले, हे खरं आहे आणि ते खरंच राहील. पण त्या दिवसाचा आदर ठेवायला दरमहा ३,००० लागत नाहीत.

पाकिटं जपून ठेवली असतील तर आज रात्री सगळ्यांचे फोटो काढा, पेन्सिलीतला आकडा आणि महिना दिसेल असे. नसतील तर यापुढची ठेवा, आणि जुने हप्ते आठवतील तसे तारखेसह एका वहीत लिहून काढा. मग वहिनींना मेसेज करा. तोंडी नको. “वहिनी, आईच्या वेळी साहेबांनी दिलेल्या ६०,००० मधले किती फिटले, किती बाकी, ते डायरीतून एकदा सांगाल का? माझ्या नोंदीप्रमाणे २६ हप्ते झालेत.” १८,००० परत मागू नका, अजून तरी नको. आधी आकडा त्यांच्या तोंडून किंवा बोटांतून येऊ द्या. मेसेज पगाराच्या दिवशी पाठवू नका. त्या दिवशी वहिनींचं सगळ्यांशीच वाजलेलं असतं. बुधवारी संध्याकाळी पाठवा, मधे गुरुवारची सुट्टी आहे, शांतपणे डायरी बघायला वेळ मिळेल.

या एका मेसेजवरून तुम्हाला बरंच कळेल. पंधरा दिवसांत डायरीचं पान समोर आलं, चूक झाली म्हणून कापणं थांबलं, तर ही माणसं गबाळी आहेत, वाईट नाहीत, आणि त्यांच्याशी बोलण्यात अर्थ आहे. “आता तू हिशेब मागणार का आम्हाला?” असं आलं, तर उत्तर मिळालं असं समजा.

छोट्या कौटुंबिक कंपनीतला मुख्य घोळ स्वभावाचा नसतो, रचनेचा असतो. मालक कागदावर एक, प्रत्यक्षात तीन. बाप-लेकाचं पटत नाही, ते घरी बोलता येत नाही, म्हणून ते भांडण डिस्पॅचच्या टेबलावर येतं आणि मधे तुम्ही असता. साहेबांनी थांबवलेलं पेमेंट मुलगा सोडायला सांगतो, तेव्हा तो तुमची चूक काढत नसतो, बापाला उत्तर देत असतो. तुमच्यावरून. यावर एकच साधा उपाय बऱ्यापैकी चालतो: तोंडी हुकूम मिळाला की पाच मिनिटांत, दोघंही असलेल्या ग्रुपवर एक ओळ. “साहेबांनी आत्ता सांगितल्याप्रमाणे इन्सर्टवाल्यांचं पेमेंट शुक्रवारपर्यंत थांबवलंय.” खाली काही जोडायचं नाही, सल्ला नाही, हसरा चेहरा नाही. मुलाला पटत नसेल तर तो बापाशी बोलेल. पहिले आठ-दहा दिवस “हे ग्रुपवर कशाला टाकलंस” ऐकावं लागेल. “विसरायला होतं म्हणून,” असं म्हणायचं आणि टाकत राहायचं. याच ओळी उद्या कोणी तुमच्या नोंदीवर बोट ठेवलं तर तुमच्या बाजूने उभ्या राहतील, विशेषतः तुम्हाला न पटणारी एखादी नोंद करायला लावली असेल तेव्हा.

हळव्या आहात का? शॉपसमोर आवाज चढवून घेतल्यावर पोटात गोळा न येणारी माणसं कमी असतात. भोसरीत गुरुवार सुट्टीचा, तेव्हा गुरुवारची दुपार म्हणजे बाकीच्या जगाची रविवारची संध्याकाळ. थोडी मरगळ सगळ्यांनाच येते. झोप उडणं, दर आठवड्याला जेवण न जाणं, ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला डॉक्टर लागतो. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. रात्रीचे मेसेज, शॉपसमोरची बोलणी, गणपतीतल्या पंगती यांवर मी इथे फार लिहीत नाही. त्यांतल्या कुठल्याही एका गोष्टीवर नोकरी सोडावी की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. पैसा मात्र ठरवायची गोष्ट नाही.

मालकाच्या बाजूचं एक सांगायला हवं. मोठे ग्राहक जॉबवर्कवाल्याला नव्वद-नव्वद दिवस पैसे देत नाहीत, सीसी लिमिट (बँकेकडून मिळणारी खेळत्या कर्जाची मर्यादा) कायम तळाला असतं, आणि पगार दहा तारखेच्या पुढे सरकतो तो दरवेळी माज म्हणून नसतो. (कायद्याने मात्र तो पुढच्या महिन्याच्या सातच्या आत हवा.) उशीर एकवेळ समजून घेता येतो. तुमच्या पगारातून कापून घेतलेला पीएफ न भरणं समजून घेता येत नाही, कारण तो पैसा कंपनीचा कधी नव्हताच. कायदा त्याकडे विश्वासघात म्हणून बघतो. उशिरा भरलेल्या रकमेवर १२ टक्के व्याज आणि वर दंड आहे.

तुमचं पीएफचं पासबुक उघडून आकडे असे लावून बघा. १३,००० वर १२ टक्के, म्हणजे तुमचे १,५६०. कंपनीचेही १,५६०, पण ते दोन रकान्यांत फुटतात: पेन्शनला ८.३३ टक्के, म्हणजे १,०८३, आणि उरलेले ४७७ पीएफला. महिन्याचं चलन पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचं असतं. सात महिन्यांचे तुमच्याकडून कापलेलेच १०,९२० होतात; कंपनीचा वाटा धरून २१,८४०. पासबुक आणि पगाराच्या स्लिपा दोन्ही डाउनलोड करून घरच्या ईमेलवर ठेवा. कागदावरचा पगार २१,००० च्या आत म्हणून ईएसआयही (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापत असतील, तुमचे ०.७५ टक्के म्हणजे १५०. तेही थकलं असेल तर आईला दवाखान्यात नेल्यावर काउंटरवर कळेल, त्याआधी ईएसआयच्या पोर्टलवर बघून घ्या. आणि स्लिपवर व्यवसाय कराचे २०० दिसतात का? महाराष्ट्रात २०२३ पासून २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो कर नाही. बऱ्याच छोट्या कारखान्यांत जुन्या सवयीने अजून कापतात.

पीएफची तक्रार ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर होते, आणि दर महिन्याच्या २७ तारखेला ‘निधी आपके निकट’ नावाचं शिबिर जिल्ह्याजिल्ह्यांत भरतं, तिथे समोरासमोर बोलता येतं. गुरुवार तुमचा सुट्टीचा आणि सरकारी कार्यालयांचा कामाचा, हा भोसरीकरांचा एक फायदा आहे, तो वापरा. पण तक्रार आत्ताच करू नका असं मी म्हणेन. तक्रार तुमच्या यूएएनवरून (पीएफचा कायमचा नंबर) जाते, चौकशी कारखान्यात येते, आणि चलनं बघणारी एकच व्यक्ती तिथे आहे. पीएफची थकबाकी तुम्ही नोकरी सोडल्याने बुडत नाही. दुसरी नोकरी हातात आल्यावर तक्रार केली तरी ती तितकीच चालते. शॉपमधली पाच-सहा माणसं एकत्र येत असतील तर गोष्ट वेगळी.

आता थांबायचं की सोडायचं. इथे चार वर्षं नऊ महिने हा आकडा महत्त्वाचा आहे.

ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायच्या एकरकमी पैशाला, पाच वर्षं सलग नोकरी लागते. हिशेब शेवटच्या बेसिक-डीएवर: १३,००० गुणिले १५ भागिले २६, म्हणजे वर्षाला ७,५००. पाच वर्षांचे ३७,५००. काही उच्च न्यायालयांनी पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी पाच वर्षं धरली आहेत, पण त्या निकालांच्या भरवशावर तीन महिने आधी उठू नका. तुमच्याकडे वकिलाला द्यायला वेगळे पैसे नाहीत. तीन महिने हे तसेही नवी नोकरी शोधायला लागतातच. म्हणून माझं मत असं: सोडा, पण पाच वर्षं पूर्ण करून, आणि मधल्या काळात कागद जमवून. पोटातला गोळा वाढत चालला असेल तर ३७,५०० सोडून आधीच निघा. तेवढ्यासाठी आजारी पडण्यात हशील नाही.

यात एक मेख आहे, ती म्हणजे मुलाची प्रायव्हेट लिमिटेड. चौदा महिन्यांपूर्वी तुम्हाला तिकडे घेतलं तेव्हा जुन्या फर्मचा राजीनामा आणि नव्या कंपनीचं नेमणूकपत्र अशा दोन कागदांवर सही झाली असण्याची दाट शक्यता आहे. तसं असेल तर उद्या ते म्हणतील, जुन्याकडे साडेतीन वर्षं, नव्याकडे सव्वा, पाच कुठेच नाहीत. माणसं दोन-तीन नावांत वाटण्याचा हा प्रकार सर्रास चालतो. कधी टॅक्ससाठी, कधी वीस माणसांची पीएफची रेघ ओलांडू नये म्हणून. त्यावरचं उत्तर पुराव्यात आहे. तोच पत्ता, तीच खुर्ची, तेच काम, एका दिवसाचाही खंड नाही, आणि जुन्या फर्मने तेव्हा फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) दिलेलं नाही. पासबुकात एकाच यूएएनखाली दोन मेंबर आयडी दिसतील. जुन्याची सोडल्याची तारीख आणि नव्याची रुजू तारीख लागून आहेत का बघा. सही केलेल्या कागदांच्या प्रती मागा: “बँकेत कर्जासाठी लागतायत” म्हणण्यापेक्षा सरळ “माझ्या फाइलला हव्यात” म्हणा, खोटं लक्षात ठेवावं लागतं. नव्या पत्रात ठरावीक मुदतीची नेमणूक लिहिलेली निघाली तर उलट तुमच्या फायद्याचं आहे, कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये तशा नेमणुकीला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी आहे.

कागद जमवताना एक चूक करू नका. टॅलीचा (अकाउंट्सच्या सॉफ्टवेअरचा) बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊ नका, पार्ट्यांची यादी घरी मेल करू नका, वहिनींच्या डायरीचा चोरून फोटो काढू नका. चिडलेल्या माणसाला ते हक्काचं वाटतं, पण डेटा चोरीची पोलीस तक्रार झाली की बाकी सगळे मुद्दे बाजूला पडतात. तुमच्या नावचा कागद तेवढा तुमचा: नेमणूकपत्रं, स्लिपा, पासबुक, तुमच्या फोनवरचे मेसेज, तुमची पाकिटं.

तुमच्या पत्रात नाही, पण अशा पत्रांत हमखास येतं म्हणून इतर वाचकांसाठी सांगून ठेवते. नोकरीला लागताना मूळ मार्कशीट ठेवून घेतल्या असतील तर लेखी परत मागा. नोकरीची हमी म्हणून त्या अडकवून ठेवायचा हक्क मालकाला कुठलाच कायदा देत नाही. बॉण्डचं तसं सरसकट नाही. “सोडल्यावर अमुक ठिकाणी काम करायचं नाही” ही अट टिकत नाही, पण खरोखर झालेल्या प्रशिक्षणाच्या खर्चापोटी वाजवी रक्कम मागितली तर न्यायालय ती मान्य करू शकतं. सगळ्यांत वाईट म्हणजे सही केलेला कोरा चेक. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे की स्वखुशीने दिलेला कोरा चेक समोरच्याने भरला तरी तो चालतो, आणि देणं नव्हतं हे सिद्ध करणं सही करणाऱ्यावर येतं. त्यामुळे नुसतं बँकेत पेमेंट थांबवून भागत नाही. चेकचा नंबर घालून, तो तारण म्हणून दिला होता, कसलंही देणं नाही, असं पत्र नोकरीत असतानाच पाठवा. चेक परतल्याची नोटीस आली तर पंधरा दिवसांच्या आत उत्तर द्या, गप्प बसू नका. आणि त्रास देणारा मालक स्वतः असेल, तोही लैंगिक स्वरूपाचा, तर कंपनीच्या समितीकडे जाऊन उपयोग नाही. मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

तुम्ही गेल्यावर काही चालणार नाही, असं तुम्हाला वाटतं. पहिला महिना खरंच चालणार नाही. दुसऱ्या महिन्यात सीए आपल्या ऑफिसातला एक मुलगा पाठवतील, तिसऱ्या महिन्यात वहिनी टॅली शिकतील. तुम्ही आज तीन माणसांचं काम करता म्हणून त्यांना दुसरं माणूस ठेवावं लागलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मुलाखतींसाठी गुरुवार आहेच. आजूबाजूच्या पट्ट्यात मालक मालकाला ओळखतो, नवा माणूस घेताना फोन फिरतो. म्हणून मुलाखतीत सध्याच्या कंपनीबद्दल एक वाक्यही वाईट बोलू नका. “कामाचा आवाका वाढवायचाय” पुरे. संदर्भ म्हणून साहेबांचं नाव देऊ नका, तुमच्याशी दरमहा बोलणारे सीए किंवा एखाद्या ग्राहक कंपनीचे परचेसवाले द्या. नवीन ठिकाणी विचारायच्या गोष्टी फार नाहीत: पगार पूर्ण बँकेत का, पीएफ कुठल्या नावाने भरला जातो, आणि माझं काम मला कोण सांगणार. तिसऱ्या प्रश्नावर समोरचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले तर चहा पिऊन निघा.

राजीनामा नवं ऑफर लेटर हातात आल्यावर, आणि पाच वर्षं पूर्ण झाल्याची तारीख उलटल्यावर. ईमेलने, स्वतःच्या दुसऱ्या ईमेलला प्रत ठेवून, आणि शिवाय स्पीड पोस्टाने पोचपावतीसह, कारण अशा ठिकाणी “आम्ही राजीनामा घेतच नाही” असं हमखास म्हणतात. तुम्ही नोटीस पिरियड पाळलात तर त्यांनी घेण्या-न घेण्याने फरक पडत नाही. शेवटचा दिवस महिन्याच्या २० तारखेनंतरचा धरा. ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी, ही महिन्याची दोन जीएसटी रिटर्न्स गेली की रिटर्न चुकवून पळाली, हे म्हणायला जागा उरत नाही. वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतर पगाराचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत व्हायला हवा. ग्रॅच्युइटीचा लेखी अर्ज तुम्ही द्या, ती ३० दिवसांत. न झाल्यास कामगार आयुक्त कार्यालय. पीएफमध्ये सोडल्याची तारीख त्यांनी टाकली नाही तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतःला ती टाकता येते.

डायरीतल्या १८,००० ची मागणी याच शेवटच्या हिशेबात लेखी घाला. पाकिटातला पगार कागदावर नसल्याने ते वसूल होतीलच असं नाही. तरी घाला.

आणि तुमचा मोबाइल नंबर. जीएसटी पोर्टल, ई-वे बिल, बँक, वीजबिल, सगळ्यांना तुमचाच दिलेला असणार. नोटीस दिल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्याची यादी करून साहेबांना द्या आणि प्रत्येक ठिकाणी त्यांचा नंबर चढवून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी नव्या ऑफिसात बसून तुम्ही त्यांना ओटीपी सांगत असाल, आणि त्या ओटीपीने काय झालं याला तुम्हीही धरले जाल. शेवटच्या दिवशी चाव्या, चेकबुकं, डिजिटल सहीचं टोकन, फाइली यांची यादी दोन प्रतींत करा आणि एका प्रतीवर सही घ्या. नाही म्हणाले तर टेबलावर सगळं मांडून यादीसकट फोटो काढा, ग्रुपवर टाका, दोन्ही निळ्या खुणा येईपर्यंत थांबा आणि मग ग्रुपमधून बाहेर पडा.